एकतारी कोणाच्या हातात

कडकभाऊंना हे नाव पडलं ते इस्त्रीमुळे. स्वभावाचा त्यात काही हात नव्हता. स्वभाव म्हणाल तर इतका मऊ, की बायको म्हणायची, "तुम्हाला कोणीही घडी घालून खिशात टाकावं." पण वडिलांच्या इस्त्रीच्या दुकानात ते सदऱ्याला अशी खळ द्यायचे, की आत माणूस नसला तरी सदरा उभा राहील. दुकान गेलं, खळ गेली, नाव मात्र राहिलं.

दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. एक टेबल, त्यावर जुन्या रजईचा थर, एक जड इस्त्री आणि भिंतीला खिळे. तिथं आजारी पडायची सोय नव्हती. ताप आला तर तापाला सांगायचं, थांब बाबा, एवढे चार सदरे होऊ देत. मालक आपणच, त्यामुळे रजा मागायची कोणाकडे आणि शिव्या घालायच्या कोणाला? वडील त्या टेबलाशी उभे राहून राहून संपले. शेवटी शेवटी त्यांच्या पायांच्या शिरा दोरखंडासारख्या फुगल्या होत्या. तेच दुखणं कडकभाऊंच्या पोटऱ्यांत शिरायला लागलं, तेव्हा गावाबाहेर एका बड्या कंपनीची धुलाईची इमारत उभी राहत होती. भाऊंनी दुकानाला कुलूप घातलं आणि मागं वळून पाहिलं नाही.

हॉटेलांच्या, दवाखान्यांच्या चादरी त्या इमारतीत यायच्या. एका दारानं मळलेल्या आत, दुसऱ्या दारानं पांढऱ्या बाहेर. मधे धुलाईची अजस्र यंत्रं आणि मग लांबलचक गरम रोलर. रोलरमधून चादर वाफ सोडत, आळस दिल्यासारखी बाहेर पडायची, आणि तिच्या वाटेवर उभा असायचा घडी विभाग. छोट्या चादरींच्या घड्या मशीन घालायचं, पण पलंगभर मोठ्या चादरीला माणसंच लागायची, तीही दोन. दोघांनी दोन-दोन टोकं धरायची, ताणायची, झटका द्यायचा, टोकाला टोक मिळवायचं. मग एकानं जागेवर उभं राहायचं आणि दुसऱ्यानं चालत येऊन आपली टोकं त्याच्या हातात द्यायची.

कडकभाऊंची जोडी आत्याशी. पूर्वी तिचा सख्खा भाचा तिथं ट्रॉली ढकलायला होता, तो तिला आत्या म्हणायचा. भाचा सोडून गेला आणि ही सगळ्या इमारतीची आत्या झाली, अगदी पहारेकऱ्यापासून साहेबापर्यंत. पहिल्याच आठवड्यात तिनं भाऊंची चाल पाहून ठरवून टाकलं होतं.

"कडक, तू खांब हो. मी येते चालत."

"अगं, आळीपाळीनं करू की."

"पोटऱ्या बघ तुझ्या. माझे पाय लोखंडाचे आहेत. जीभपण."

तेव्हापासून भाऊ खांब आणि आत्या चालती. बोलता बोलता टोकं हातात पडायची. समोर बघायचीही गरज नव्हती.

कंपनीबद्दल कोणी वावगं बोललं तर भाऊंना खपत नसे. त्याला कारण होतं. बायकोच्या पोटातली गाठ काढायची वेळ आली, तेव्हा दवाखान्याच्या खिडकीशी त्यांनी कंपनीचं कार्ड पुढं केलं. खिडकीतल्या बाईनं मान वर न करता म्हटलं, "बसा." कोणाला फोन लावा नाही, कोणाच्या पाया पडा नाही. नुसतं बसा. जिन्याखालच्या खोलीतून आलेल्या माणसाला जगात कोणी असं सहज बसा म्हणेल, हे भाऊंना ठाऊक नव्हतं. त्या एका शब्दावर ते कंपनीचे झाले. आत्याचंही तेच. तिच्या नवऱ्याच्या डोळ्यांत ठरावीक दिवसांनी इंजेक्शन द्यावं लागे, नाहीतर उरलेला उजेडही गेला असता. ते त्याच कार्डावर व्हायचं. "दुसऱ्या बायका नवऱ्याच्या डोळ्यांत भरतात," आत्या म्हणायची, "माझ्या नवऱ्याच्या डोळ्यांत कंपनी भरते."

पण कंपनीला स्वतःचे डोळे नव्हते. दुकानात प्रत्येक सदऱ्याला मालक होता. कोणाची कॉलर झिजते, कोणाच्या खिशाला शाई लागते, सगळं माहीत. इथं चादरीला तोंड नाही. आणि वर्षाकाठी कंपनी माणसांकडेही तशीच बघायची, ते ताऱ्यांच्या वेळी.

प्रत्येकाला कामाचे तारे मिळायचे. कंपनीचा नियम असा, की प्रत्येक विभागात एकाला तरी एकच तारा द्यायचा. सगळे चांगलं काम करत असले तरी द्यायचा. घडी विभागाचा साहेब तरुण होता. एवढ्या वाफेतही गळ्यात टाय, म्हणून त्याला सगळे टायसाहेब म्हणायचे. पहिल्या वर्षी तो घाम पुसत विभागासमोर उभा राहिला होता. "मी कोणाला वाईट म्हणू? तुम्हीच सांगा."

तेव्हा आत्यानंच तोड काढली. एका वर्षी एक तारा मिळाला तर फार काही बिघडत नाही, पगारवाढ बुडते एवढंच. लागोपाठ दोन वर्षं मिळाला तर घरी जावं लागतं. "मग लागोपाठ देऊच नका ना," आत्या म्हणाली. "दरवर्षी नवा माणूस. नंबर लावून घेऊ." सहा माणसांनी तिथल्या तिथं नंबर लावला. तोंडीच. एका ताऱ्याला त्यांनी नाव ठेवलं एकतारी. दरवर्षी तारे वाटायच्या आधी कँटीनमध्ये कोणीतरी ओरडायचं, "यंदा एकतारी कोणाच्या हातात?" आणि ज्याचा नंबर असेल तो उठून खोटं खोटं रडायचा. बाकीचे पाच जण त्याला चहा पाजायचे. टायसाहेबाला सगळं ठाऊक होतं. तो दुसरीकडे बघायचा, आणि त्याबद्दल विभागाचा त्याच्यावर जीव होता.

मग ते वर्ष आलं. नंबर कडकभाऊंचा होता.

त्याच वर्षी त्यांच्या मुलीला रक्त तपासायच्या शिक्षणाला जागा मिळाली. तीन वर्षांचा अभ्यास, दुसऱ्या शहरात. कंपनी कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्ती द्यायची. अट एकच, त्या वर्षी आईबापाला एक तारा नसावा.

भाऊंनी ते आत्याला सांगितलं चादरीच्या पलीकडून. मागितलं काही नाही. मागायची गरजच पडली नाही.

"एवढंच ना?" आत्या टोकं घेऊन चालत आली. "यंदा मी घेते. पुढच्या वर्षी माझा नंबर तू घे. पोरीला म्हणावं, रक्त नीट बघ, आत्याचं पण तपासायचंय. त्यात तिखट किती निघतं ते कळेल."

भाऊ हसले. पण तिच्याकडे बघायचं त्यांनी टाळलं. कारण त्याआधी थोडेच दिवस टायसाहेब ट्रॉलीपाशी त्यांना गाठून म्हणाला होता, "भाऊ, यंदा नंबर जरा जपून लावा. वरचं वारं वेगळं दिसतंय." एवढ्यात कोणीतरी हाक मारली आणि तो गेला. भाऊंनी पुढं विचारलं नाही. जाऊन विचारता आलं असतं, टायसाहेबाची खोली चार पावलांवर होती. पण विचारलं असतं तर कळलं असतं, आणि कळलं असतं तर आत्याला सांगावं लागलं असतं. म्हणून ते अर्धं वाक्य त्यांनी तसंच अर्धं राहू दिलं. वारं म्हणजे काय, काहीही असेल, असं स्वतःला सांगितलं. आत्याला काहीच सांगितलं नाही.

तारे वाटले गेले. आत्यानं कँटीनमध्ये असा हंबरडा फोडला, की शेजारच्या विभागाची माणसं धावत आली. खूप हसले सगळे. शिष्यवृत्ती मंजूर झाली.

त्यानंतर एका सकाळी सगळ्यांना सभागृहात बोलावलं. पडद्यावर हिरवं शेत आणि उगवता सूर्य. मुख्य कार्यालयातून आलेला माणूस म्हणाला, "आपण सगळे एक कुटुंब आहोत."

विभागातला लांब्या भाऊंच्या कानाशी पुटपुटला, "कुटुंब म्हणाले. कोणाला तरी घराबाहेर काढणार."

तसंच झालं. नवीन मशिनं येणार होती, माणसं कमी करायची होती. प्रत्येक विभागातून एक. यंदा ज्यांना एक तारा आहे, ते.

आत्या शेजारच्याच खुर्चीत होती. पदराची दोन टोकं बोटांत धरून ती टोकाला टोक मिळवत राहिली.

मुख्य कार्यालयाच्या बाई दोन दिवस इमारतीत बसणार होत्या. कोणाला काही सांगायचं असेल तर या, म्हणाल्या होत्या. कडकभाऊ गेले. बाई वाईट नव्हत्या. त्यांनी पाणी पुढं केलं, म्हणाल्या, "बसा." भाऊंना त्या शब्दानं कसंतरीच झालं.

"ताई, ते... आत्याचा तारा आहे ना, तो खरं तर माझा आहे."

"म्हणजे?"

"नंबर माझा होता."

बाईंना समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "हे तुम्ही मला सांगितलंच नाही असं धरते. नाहीतर तुमच्या साहेबाचंही कठीण होईल." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "हे बघा, आम्हाला एक जागा कमी करायची आहे. ती कोणाची, यात कंपनीचं काही अडलेलं नाही. त्यांच्याऐवजी कोणी आपण होऊन जाणार असेल तर उद्या संध्याकाळी मी निघायच्या आत सांगा. त्यांचं नाव काढता येईल."

भाऊंनी पुढं केलेलं पाणी एका दमात पिऊन टाकलं.

"त्या तुमच्या आत्या का?"

"नाही," भाऊ म्हणाले. "तशी नाही. सगळेच म्हणतात." आणि उठले. "विचार करून सांगतो."

विचार कसला करायचा होता? मी जातो, एवढे दोन शब्द म्हणायचे होते. त्या संध्याकाळी मुलीचा फोन आला. वसतिगृहातल्या खोलीबद्दल ती भडाभडा बोलत होती, भिंतीला कुठला रंग आहे, खिडकीतून काय दिसतं. बायको फोनला कान लावून हसत होती. भाऊंनी दोन शब्द गिळले.

दुसऱ्या दिवशी दुपार कलली. रोलर चालू होता. भाऊंच्या समोर मोठी खिडकी, खिडकीच्या आणि त्यांच्या मधे आत्या, आणि आत्याच्या आणि त्यांच्या मधे चादर. खिडकीतून फाटक दिसत होतं. मुख्य कार्यालयाची गाडी इमारतीला वळसा घालून फाटकाकडे निघालेली त्यांना दिसली. अजूनही पळत गेलं तर पहारेकरी गाडी थांबवेल. तो फाटक उघडायला नेहमीच वेळ लावतो. भाऊंनी चादर जरा वर उचलली. तोंड झाकेल एवढी.

"अरे ताण की!" पलीकडून आत्या ओरडली. "झोपलास का उभ्या उभ्या? आता जाताना तरी सुरकुती नको बाई माझ्या नावावर."

भाऊंनी ताणली. चादर खाली आली तेव्हा फाटक बंद झालेलं होतं. आत्या चालत आली आणि तिनं टोकं त्यांच्या हातात दिली.

आत्या गेली त्यानंतर बरेच दिवस भाऊ तिच्याकडे फिरकले नाहीत. मग एका रविवारी न जेवताच घरातून निघाले. आत्याचं घर वरच्या मजल्यावर, लांब गॅलरीच्या टोकाला. दार उघडंच होतं. आत काळा चष्मा लावून आत्याचा नवरा पलंगावर बसलेला. पावलांवरूनच ओळखलं त्यानं.

"कडक का? या, या. बरं झालं आलात. दिवसभर हिचं ऐकायला मी एकटा पडतो. डोळे अधू झाले, पण कानांचं काही बिघडत नाही हो!"

"इंजेक्शन...?"

"सरकारी दवाखान्यात. रांग असते. दोनदा नंबर लागला नाही, परत आलो. लागेल."

आत्या गॅलरीत दोरीवरचे कपडे काढत होती. "आलास?" एवढंच म्हणाली आणि घरच्या जुन्या चादरीची दोन टोकं त्यांच्या हातात दिली. दोघांनी ताणली, झटका दिला, टोकाला टोक मिळवलं. भाऊ सवयीनं खांब होऊन उभे राहिले. आत्या हलली नाही. तीही उभीच. चादर मधे लोंबत राहिली. शेवटी भाऊच चालत गेले, आणि टोकं तिच्या हातात देता देता त्यांनी सगळं सांगून टाकलं. ट्रॉलीपाशी टायसाहेब काय म्हणाला ते. बाई काय म्हणाल्या ते. फाटक, गाडी, सगळं.

आत्यानं चादरीची घडी पूर्ण केली. कठड्यावर ठेवून तिच्यावर हात फिरवला.

"म्हणजे टायनं तुला सांगितलं होतं."

"अर्धवट."

"उरलेलं अर्धं कळायला तू काय पाळण्यात होतास?"

भाऊ कठड्यावरच्या चादरीची कड सरळ करू लागले.

"आणि माझ्यासमोर चादर धरून उभा राहिलास. मी म्हणतेय ताण, आणि तू गाडी बघतोयस."

"पोरगी—"

"तिला मधे आणू नकोस." आत्याचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "तिच्यासाठी मी एकतारी घेतली, माझ्या तोंडानं घेतली. ती परत मागितली का मी? वारं बदललंय असं सांगितलं असतंस, तरी कदाचित घेतली असती. कदाचित नसती. पण ते मी ठरवलं असतं ना रे! तू माझं ठरवणंच खाल्लंस."

"माफ कर, आत्या."

"नाही करत."

खालून मुलांचा खेळायचा आवाज येत होता. भाऊ जिन्याकडे वळले.

"कुठं निघालास? चहा घेऊन जा. ह्यांनी तुझा आवाज ऐकलाय. तसाच गेलास तर विचारतील, आणि मला सांगायचं नाहीये." मग आत जाता जाता थांबून, पाठमोरीच म्हणाली, "नंबर तुझा होता, कडक. तो मी घेतला म्हणून संपला नाही."

भाऊंनी तो चहा प्यायला. आयुष्यात त्यांना एवढा कडू चहा कोणी दिला नव्हता, आणि साखर तर आत्यानं नेहमीएवढीच घातली होती.

वर्ष सरत गेलं. आत्यानं एका शिंप्याकडे काम धरलं, पडद्यांच्या आणि चादरींच्या कडा दुमडून टीप मारायचं. टाचणाऱ्या हातांना काम मिळतं, कार्ड मिळत नाही. कार्डावर तोडगा नव्हता. भाऊ मात्र कंपनीच्या बसमधून जायचे, यायचे. समोर आता विभागातलीच दुसरी जोडीदार होती, गाणं गुणगुणणारी, चांगली पोर. तिच्याशीही भाऊ खांबच होते. टोकं हातात पडायची, पण भाऊ दर वेळी दचकून बघायचे.

घरी त्यांनी बायकोला सगळं सांगून टाकलं होतं. ती आधी रडली, मग चिडली, मग गप्प झाली. तारे वाटायचे दिवस जवळ आले तसं भाऊंचं जेवण उतरलं. एका सकाळी डबा भरता भरता ती म्हणाली, "एकदाचं काय ते करा. वर्षभर ती आत्या आपल्यासोबत ताटावर बसते. तुम्ही जेवत नाही आणि मला वाढता येत नाही."

"शिष्यवृत्ती बंद होईल. कार्ड जाईल. तुझी तपासणी—"

"मला मोजता येतं सगळं. पण पोरीला तुम्ही सांगा. मी नाही सांगणार."

भाऊंनी मुलीला सांगितलं. फोनवर तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, माझं शिक्षण कोणाच्या अंगावर उभं आहे, हे मला आधी सांगायचं ना." ते भाऊंना आत्याच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं. आठवड्यानं तिचाच फोन आला. तिला कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या धुवायचं काम मिळालं होतं. "मीपण धुलाईतच लागले," म्हणाली. तिला हसवायचं होतं. भाऊंना हसू आलं नाही.

शेवटी तो दिवस आला. कँटीनमध्ये पाच जण बसले. वर्षापूर्वीपर्यंत इथं आरडाओरडा असायचा. यंदा एकतारी कोणाच्या हातात, असं कोणी ओरडलं नाही. यंदाही विभागातून एक माणूस कमी होणार होता, आता एक तारा म्हणजे थेट घरी, हे सगळ्यांना माहीत होतं. लांब्या कपातल्या चहाकडे टक लावून बसला होता. गुणगुणणारी पोर गप्प होती. सगळे एकमेकांची नजर चुकवत होते. टायसाहेब दारात आला. टाय सैल होता.

"ठरलं का काही?"

कोणीतरी रिकामा कप बशीत फिरवला.

"मग मला ठरवावं लागेल," तो म्हणाला, आणि त्याची नजर फिरत फिरत त्या पोरीवर येऊन अडकली. सगळ्यांत नवीन तीच होती. तिला ते कळलं. तिनं ओढणी हातात घट्ट धरली.

"साहेब," भाऊ म्हणाले, "माझा नंबर आहे."

टायसाहेबानं मान हलवली. "भाऊ, यंदाचं तुम्हाला माहीत आहे ना?"

"गेल्या वर्षीपण माहीत होतं."

टायसाहेब त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्यालाही ट्रॉलीपाशी आपण बोललेलं अर्धं वाक्य आठवलं असावं. त्यानं नजर काढून घेतली आणि या वेळी तो खरोखरच दुसरीकडे बघू लागला. भाऊंना चहा पाजायला कोणी उठलं नाही. लांब्यानं नुसता त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि काढून घेतला.

भाऊंना वाटलं होतं, हे म्हटल्यावर छातीवरचं ओझं उतरेल. तसं काही झालं नाही. आत्याचं कार्ड परत येणार नव्हतं. तिचा नवरा उद्याही रांगेत उभा राहणार होता. कदाचित नंबर लागेल, कदाचित नाही. तिला जाऊन हे सांगायचंही धाडस त्यांना होईना. सांगितलं तर ती म्हणेल, मग मी काय करू? टाळ्या वाजवू? आणि ते बरोबरच असेल.

भोंगा झाला. रोलर सुरू झाला. पहिली मोठी चादर वाफ सोडत बाहेर आली. पोरीनं दोन टोकं धरली, भाऊंनी दोन. ताणली, झटका दिला, टोकाला टोक मिळालं. ती सवयीनं पाऊल उचलणार, एवढ्यात भाऊ म्हणाले,

"थांब. तू खांब हो. मी येतो चालत."